ग्रेट पिरेनीज घरात आणण्यापूर्वी

ग्रेट पिरेनीज जातीचा कुत्रा मुलांशी सौम्य वागतो, म्हणून तो कोणत्याही कुटुंबाला योग्य आहे, असा निष्कर्ष या जातीवरील एका लेखात काढला आहे; तो मला घाईचा वाटतो. सौम्यपणाबद्दल दुमत नाही. परंतु फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतात शतकानुशतके मेंढ्यांच्या कळपाची राखण करताना, मेंढपाळाच्या आज्ञेची वाट न पाहता स्वतः निर्णय घेणारा कुत्राच उपयोगी ठरत असे, आणि तोच स्वतंत्र स्वभाव आज घरात हट्टीपणा म्हणून समोर येतो. रात्री भुंकणे ही तर त्याची मूळ कामगिरी. ती शिकवणीने कमी होते, थांबत नाही. शेजारच्या भिंती लागून असतील तर याचा विचार आधीच करावा.

मुलांच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती पहिल्या दोन वर्षांची. या काळात पिल्लाचे वजन चाळीस किलोच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जाते, समज मात्र पिल्लाचीच राहते, आणि खेळता खेळता दिलेला धक्काही लहान मुलाला आडवे पाडू शकतो. मुले आपसांत दंगामस्ती करू लागली की हा कुत्रा पाहुण्या मुलालाच धोका समजण्याची शक्यता असते. अशा वेळी जाणते माणूस जवळ असलेच पाहिजे.