‘सगळं फुकट’ म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडावा

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की हा मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो: “आदिवासी पोरांना राहणं, जेवण सगळं फुकट. जागाही त्यांनाच. तरी अशक्त, तरी नापास. आमची पोरं मात्र कर्ज काढून शिकतात.” एकेक मुद्दा घेऊ.

जेवण फुकट? एप्रिल 2018 मध्ये राज्य सरकारने शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांमधली मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकायचं ठरवलं. मोठ्या शहरांत तेव्हा महिना 3,500 रुपये ठरले, म्हणजे दिवसाला 117. यात चहा, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. तेही पैसे वेळेवर पडले तर. खानावळवाला अ‍ॅडव्हान्स मागतो. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयातून पैसे येईपर्यंत थांबत नाही. मग आधी नाश्ता सुटतो, पुढे एक डबा दोघांत. त्याच वर्षी जुलैमध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले, ते मेस परत सुरू करा म्हणून. फुकटेपणाच करायचा असता तर हातात येणारी रोकड सोडून वरणभातासाठी कोण एवढी तंगडतोड करेल?

राहणं फुकट, हे वसतिगृहात नंबर लागला तर. नाही लागला तर स्वयं योजना, म्हणजे राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात. तिचा मुंबई-पुण्याचा दर ठरला वर्षाला 60,000 रुपये. त्यात निवासाचे 20,000. दहा महिन्यांचं वर्ष धरलं तरी महिना 2,000. पुण्यात एवढ्यात कॉट बेसिसवर कोण ठेवतं, तो पत्ता मेसेज पाठवणाऱ्यांनी जरूर कळवावा. चार पोरं तर मीच पाठवतो.

‘अशक्त, कारण पौष्टिक खायचं कळत नाही’ असंही कुणीतरी खाली जोडतं. घरी ही मुलं नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी खातात. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. शहरात आल्यावर ताटात उरतो भात आणि पाण्यासारखी आमटी. म्हणजे खाणं बिघडलं ते इकडे येऊन. शिवाय नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेल आहे. हा आजार आईवडिलांकडून येतो, सवयींतून नाही. यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, कंबर असह्य ठणकतात. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली किंवा दमणूक झाली की दुखणं उसळू शकतं. ऐन परीक्षेत असा पोरगा अंथरुणावर पडला, तर गृहपालाला तो आळशी वाटतो. रक्त तपासलं असतं तर कळलं असतं. अशक्तपणा म्हणून सरसकट लोहाच्या गोळ्या देणंही इथे चुकीचं. आधी कमतरता आहे का ते पाहावं लागतं.

जागांचं थोडक्यात. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती 8.6 टक्के. 2020-21 च्या केंद्राच्या उच्च शिक्षण पाहणीत त्यांचे विद्यार्थी 5.8 टक्के. ‘जागा त्यांनाच’ असत्या तर हा आकडा उलटा दिसला असता.

राहता राहिलं कर्ज. ते खरं आहे आणि त्याचा राग येणंही रास्त आहे. पण खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. हा मेसेज तिकडे पाठवा.