गस्त, संशय आणि शेजार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बंद घरांमधील चोऱ्यांविषयीच्या माझ्या लेखावर तुम्ही इतक्या तपशिलाने लिहिलेत, की दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे मला योग्य वाटले नाही. कोथरूडमधील आमच्या गल्लीतल्या सोसायट्यांनी एकत्र येऊन रात्रीची गस्त सुरू करावी, असे मी त्या लेखात सुचवले होते. त्यावर तुमचे म्हणणे थोडक्यात असे : गुन्हे रोखणे हे पोलिसांचे काम आहे आणि त्यासाठी आपण कर भरतो, ते काम रहिवाशांनी अंगावर घेतले की पोलीस जबाबदारीतून सुटतात, आणि हातात काठी व मनात संशय घेऊन फिरणाऱ्या सभ्य माणसांची झुंड व्हायला वेळ लागत नाही.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचे बरोबर आहे आणि माझे चुकले होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेचे बळी ठरले. भटक्या-विमुक्तांपैकी अनेक जमातींवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण अनोळखी आणि गरीब माणूस दिसला की आपली नजर आजही आधी त्याच्या पिशवीकडे जाते. गस्तीचा आग्रह धरताना मी हे सारे विसरलो होतो, हे मान्य करतो.

दूर कशाला जायचे? गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी एका माणसाचा फोटो टाकला आणि खाली ‘संशयित, लक्ष ठेवा’ असे लिहिले. पाच-सहा मिनिटांत आम्ही सात जण पार्किंगमध्ये उतरलो. तो विजेच्या मीटरचे रीडिंग घ्यायला आला होता. गळ्यातले ओळखपत्र त्याने दोन्ही हातांनी पुढे धरले होते आणि प्रत्येक जण ते स्वतः वाचून पाहीपर्यंत तो तसाच उभा राहिला. त्या सात जणांत मीही होतो. त्याची माफी दोघांनीच मागितली, आणि त्या दोघांत मी नव्हतो, याची खंत मला अजून आहे.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४० नुसार सामान्य नागरिकाला कोणाला पकडता येते, ते मुख्यतः त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर. आणि पकडलेल्या माणसाला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. नुसत्या संशयावरून एखाद्याला अडवून ठेवण्याचा, त्याची झडती घेण्याचा किंवा त्याच्यावर हात उचलण्याचा अधिकार कोणत्याही सोसायटीला नाही. म्हणून गस्तीची सूचना मी मागे घेतो.

मात्र तुमचा पहिला मुद्दा मला पटत नाही. पोलिसांची संख्या उद्या दुप्पट केली, तरी दुपारी तीन वाजता आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हवालदार असणार नाही. तिथे असतात त्या जिना पुसणाऱ्या मावशी. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत दोन तरुण वर आले आणि इमारतीत कोणाचेच नसलेले आडनाव विचारू लागले. समोरच्या फ्लॅटचे कुटुंब गावी गेले होते आणि त्यांच्या दाराच्या कडीला दुधाची रिकामी पिशवी तीन दिवस तशीच लटकत होती. मावशींनी ती पिशवी आधीच पाहिली होती. त्यांनी बादली तिथेच ठेवली, खाली येऊन त्या तरुणांच्या दुचाकीचा क्रमांक पहिल्या मजल्यावरच्या आजींना सांगितला, आजींनी तो दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवर टिपला आणि ११२ वर फोन केला. पोलीस येईपर्यंत ते दोघे निघून गेले होते, पण घर फुटले नाही. याच मावशींची पोलीस पडताळणी झाल्याशिवाय त्यांना आत सोडू नये, असा ठराव त्याआधीच्या महिन्यात आमच्या बैठकीत मांडला गेला होता. लोकसहभाग म्हणताना मला आता अभिप्रेत आहे ते हेच : ज्याला जे दिसते ते त्याने पाहावे, सांगावे, आणि त्याचे सांगणे ऐकून घेतले जावे.

प्रसंग जिवावरचा असेल, तर केवळ सांगणे पुरत नाही. २७ जून २०२३ च्या सकाळी सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावत होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा मध्ये पडला, त्याने तो कोयता अडवला, आणखी काही जण धावून आले आणि ती मुलगी वाचली. जानेवारी २०२५ मध्ये येरवडा भागात एका कंपनीच्या पार्किंगमध्ये एका तरुणीवर तिच्या सहकाऱ्याने शस्त्राने वार केले. भोवती माणसे उभी होती आणि ती तरुणी गेली. उभ्या राहिलेल्यांना दोष देणे सोपे आहे, आणि त्यांच्या जागी मी असतो तर पुढे झालो असतो असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. परंतु दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी आवश्यक तेवढे बळ वापरण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिलेला आहे (पूर्वी दंड संहितेचे कलम ९७, आता न्याय संहितेचे कलम ३५), ही गोष्ट किती जणांना ठाऊक असते? अशा वेळी ‘हे पोलिसांचे काम’ या वाक्याचा कोणालाच उपयोग नसतो.

आता पोलीस जबाबदारीतून सुटतात का, याविषयी. माझा अनुभव उलटा आहे, आणि भिवंडीचा इतिहासही तेच सांगतो. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर, १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एरवीच्या शांतता समितीत पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी असतात. या समित्यांत दोन्ही धर्मांचे साधे रहिवासी होते आणि त्यांच्यासमोर त्या भागाचा पोलीस नियमित बसत होता. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. जो पोलीस दर महिन्याला त्याच लोकांसमोर बसतो, त्याला मागच्या महिन्यातल्या तक्रारीचे काय झाले, हे सांगावेच लागते.

आमच्या गल्लीत आम्ही तेवढेच मागितले आहे. महिन्यातून एकदा बीटवरच्या, म्हणजे आमचा भाग नेमून दिलेल्या, पोलीस अंमलदाराने यावे, वॉचमन, मावशी आणि भाजीवाले यांनाही त्या बैठकीत खुर्ची असावी, आणि नोंदवलेल्या प्रत्येक तक्रारीची स्थिती तिथे वाचली जावी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे. एकटा माणूस चौकीतून परत पाठवला जातो, वीस जणांसमोर झालेली विचारणा तशी टाळता येत नाही. आतापर्यंत दोन बैठका झाल्या. पहिलीला अंमलदार आले, दुसरीला आले नाहीत, म्हणून वरिष्ठांना लेखी पत्र दिले आहे.

गस्तीचा परिच्छेद मी मूळ लेखातून खोडलेला नाही. तो चुकीचा का होता, हे त्याखाली लिहून तुमची प्रतिक्रिया शब्दशः जोडली आहे. पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. तुम्ही कर्वेनगरला राहता असे लिहिले आहे. सवड असेल तर या, आणि अंमलदार आले तर हेच प्रश्न त्यांनाही विचारा.