जहाज अटक करा, तेही घरबसल्या

तुमचा माल भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये चढला, जहाजावर पोचला, शिजून खाऊनही झाला आणि बिल मात्र लटकलं आहे? घाबरू नका. जहाजाला अटक करता येते. त्यासाठी २०१७ चा कायदा आहे, १ एप्रिल २०१८ पासून लागू. मुहूर्त कुणी काढला ते विचारू नका.

पहिलं म्हणजे वकील गाठा. फी तुमच्या बिलाच्या वर जाईल, पण पैशासाठी भांडायला तुम्ही काय व्यापारी आहात?

दावा थेट जहाजावर लावा. मालक पनामात असो की लायबेरियात, प्रतिवादी जहाजच. आरोपी लोखंडी असल्याने उलटतपासणीचा त्रासही वाचतो.

अटकेचं वॉरंट जहाजावर चिकटवायला शेरीफच्या, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याच्या, माणसाला न्यायची लाँच तुम्हीच ठरवा. पावसाळ्यात ओकारीची पिशवी विसरू नका.

कोर्ट हमी मागू शकतं: अटक चुकीची ठरली तर नुकसानभरपाई तुम्ही द्यायची. सही करताना जहाजाचं एका दिवसाचं भाडं किती, हे कुणालाही विचारू नका.

आणि घाई करा. ही सूचना मी अनुभवाने देतोय. चारशे किलो कांदे, तांदूळ, अंडी, कोंबड्या, सगळं मिळून एक लाख ऐंशी हजारांचा माल मी चढवला. जहाजाचा एजंट म्हणाला, शुक्रवारी चेक. शुक्रवार गेला, पुढचा गेला, मग जहाजच गेलं. चार महिन्यांनी परत आलं ते नव्या नावाने. जुनं नाव रंगाखालून नीट वाचता येत होतं. तोच गंज, तीच शिडी, तोच सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा ओळख क्रमांक, कारण तो कधी बदलत नाही. बदलला होता मालक. आणि माझ्यासारख्याच्या बिलापायी अटक हवी, तर देणं झालं तेव्हाचा मालकच अटकेच्या वेळीही मालक हवा! जुन्या मालकाचं दुसरं जहाज धरा म्हणतात. कुठून धरू? हल्ली एकेका जहाजाला एकेक कंपनी असते. यावर कडी म्हणजे त्या जहाजाच्या कुकने कांद्याची ऑर्डर पुन्हा मलाच पाठवली.

समजा, अटक झालीच आणि लिलावही झाला. आधी खलाशांचा पगार. तो द्यायलाच हवा, ती पोरं महिनोन्‌महिने उपाशी अडकतात. मग बँकेचं गहाण. मग काही उरलंच तर कांदेवाला.

जाऊ दे, उपरोध पुरे. एजंटसाहेब, जहाज विकलं जातंय हे तुम्हाला त्या शुक्रवारी ठाऊक होतं. मी तुमच्या केबिनबाहेर दीड तास स्टुलावर बसलो होतो आणि तुम्ही आत वडापाव खात होतात, बाहेर वास येत होता. वाशीच्या मार्केटात मी रोख मोजले, टेम्पोवाल्याला रोख दिले, लाँचवाल्याला रोख दिले. तुम्ही तुमचं कमिशन घेतलंत की नाही? ते बुडालं नाही ना? मग माझंच कसं बुडतं? आणि "मालकाला विचारून सांगतो" हे मला पुन्हा ऐकवू नका. मालक कोण, तेच तर विचारतोय मी. पत्ता द्या, नाहीतर पैसे द्या. निदान फोन तरी उचला.