एक स्टारच्या अभिप्रायाला उत्तर: ट्रिप होणं थांबलं असलं तरी ३२ चा एमसीबी काढून घ्या

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. आमचा माणूस तीनदा येऊन गेला, दोनदा पैसे घेतले, तरी बटण पडायचं थांबलं नाही, आणि शेवटी दुसऱ्या एकाने १६ च्या जागी ३२ ॲम्पिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारं बटण) बसवून पाच मिनिटांत प्रश्न मिटवला, असं तुम्ही लिहिलंय. 'साधी गोष्ट यांना जमली नाही, वर गीझरचा खर्च गळ्यात मारत होते' हेही.

आधी आमची चूक. पहिल्या दिवशी आलेल्या मुलाने काहीही न मोजता एमसीबी बदलला. तो खराब नव्हताच. त्या फेरीचे पैसे परत करतो, त्यावर वाद नाही. दुसऱ्या फेरीत न्यूट्रलचा ढिला स्क्रू आवळला, वायरीचं काळवंडलेलं टोक कापून नवं केलं. ते काम गरजेचं होतं, पण तुमचा त्रास त्याने जाणार नव्हता आणि हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

तिसऱ्यांदा मी स्वतः आलो होतो. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं) लावून एकेक उपकरण चालू केलं, आठवत असेल. गीझर ३००० वॉटचा, म्हणजे २३० व्होल्टला १३ ॲम्पिअर. त्याच लाइनवर १५०० वॉटची किटली आणि १००० वॉटची इस्त्री. तिन्ही मिळून जवळपास २४. एवढ्या लोडला १६ चा एमसीबी लगेच पडत नाही. आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकायला वेळ लागतो, म्हणून तुम्हाला वाटायचं की 'मधेच, काही कारण नसताना' पडतो. शॉर्ट सर्किट असतं तर क्षणात पडला असता; ते काम पट्टीचं नाही, आतल्या कॉइलचं.

आता ३२ च्या एमसीबीबद्दल, आणि हे उत्तर लिहायला बसलो तो मुख्यतः याचसाठी. तुमच्या भिंतीतून गेलेली वायर अडीच स्क्वेअर एमएमची आहे. पाइपात कोंडलेली ती वायर वीस-एकवीस ॲम्पिअरच्या वर सतत चालवू नये. ३२ चा एमसीबी मात्र ३६ ॲम्पिअरसुद्धा निदान तासभर न पडता सोसतो. तो खराब असतो म्हणून नव्हे, तसा बनवलेलाच असतो. म्हणजे २४ चा लोड अजून तसाच आहे, फक्त आता पट्टीऐवजी वायर तापते. वायरीवरचं पीव्हीसी ७० अंशांच्या हिशेबाने केलेलं असतं. रोज त्याच्यावर तापत राहिलं की ते कडक होतं, तडकतं, आणि भिंतीच्या आत असल्यामुळे कोणाला दिसत नाही. जुन्या फ्यूजमध्ये लोक जाड तार भरायचे, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा मुद्दा गीझरचा. तुमच्याकडे दोन वेगवेगळी बटणं पडत होती. टी लिहिलेलं दुसरं, रुंद बटण म्हणजे आरसीसीबी. त्याला लोडशी देणंघेणं नसतं. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, ३० मिलीॲम्पिअर कुठे तरी गळला, की ते पडतं. मेगर (करंट कुठे गळतो ते तपासायचं मीटर) लावल्यावर गीझरचं एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी नळी, आणि बॉडीमध्ये एक मेगओहमच्या वर रीडिंग हवं, ते जवळजवळ शून्य होतं. एलिमेंटच्या नळीला बारीक चीर गेली की आतली पांढरी पावडर ओल धरते. एलिमेंट बदला म्हणालो ते म्हणून. आमच्याकडूनच घ्या, असं म्हटलं नव्हतं.

तुम्ही लिहिता की आता रुंद बटणही पडत नाही. एलिमेंट बदललं असेल तर छानच. बदललं नसेल तर एवढं करून पाहा: दिवे चालू ठेवून आरसीसीबीवरचं टी दाबा. आरसीसीबी पडायला हवी आणि दिवेही जायला हवेत. बटण पडलं आणि दिवे चालूच राहिले, तर आरसीसीबी टाळून वायर बाहेरून वळवून घेतली आहे. मग डीबीतून (ही बटणं असतात त्या बोर्डातून) गीझरची लाइन बंद करा आणि नळालाही हात लावू नका.

यावरचा उपाय सोपा, पण पाच मिनिटांचा नाही: गीझरला डीबीपासून स्वतंत्र लाइन ओढायची, आणि जुन्या लाइनला पुन्हा १६ चा एमसीबी. आम्हाला बोलवायची इच्छा नसेल तर दुसऱ्या कोणाकडूनही करून घ्या, फक्त त्याला वायरीची जाडी आधी बघायला सांगा. तोपर्यंत गीझर चालू असताना किटली आणि इस्त्री लावू नका. पहिल्या दिवशी काढलेला १६ चा एमसीबी डीबीवरच ठेवलेला आहे. तो चांगला आहे, नवा घ्यायची गरज नाही.