छान लिहितात हो तुमचे मिस्टर

परवा माझा अर्धा खालचा ओठ आणि अर्धी जीभ बधिर असताना एका गृहस्थांनी मला माझ्याच संसाराची गोष्ट सांगितली. तो राग अजून उतरलेला नाही. घराबद्दल चौदा वर्षं दर रविवारी लिहिल्यावर शेवटच्या लेखात खरं तर आभार मानायचे असतात, जमलं तर गळाही दाटून आणायचा असतो. गळा दाटायच्या आत दाढ ठणकली.

खालच्या दाढेचं रूट कॅनल होतं. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, दहा मिनिटं बाहेर बसा, बधिर होऊ दे. बाहेर माझी सतरा वर्षांची लेक कानात इअरफोन घालून बसली होती आणि तिच्या शेजारी हे गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"रविवारच्या पुरवणीतल्या ना तुम्ही?"

लेखावर माझा फोटो छापतात. पण तो चौदा वर्षांपूर्वीचा असल्यामुळे मला ओळखण्याची ही अवघी तिसरी खेप. नाही म्हटलं तरी पाठ जरा ताठ झाली. मी मान हलवली.

"छान लिहितात हो तुमचे मिस्टर!"

मी लिहिते, असं मला म्हणायचं होतं. 'म' हा ओष्ठ्य वर्ण आहे, त्याला दोन ओठ लागतात, हे शाळेत शिकवतात तेव्हा कुणी मनावर घेत नाही. माझ्याकडे त्या वेळी दीडच होता. 'ल'साठी जिभेचं टोक दातांमागे न्यावं लागतं आणि ते टोक नेमकं कुठे आहे याचा मला पत्ता नव्हता. तोंडातून निघालं ते "ई इहिते."

"हिताचंच लिहितात," गृहस्थ म्हणाले. "आम्ही दोघं वाचतो. फोटो तुमचा, नाव तुमचं, पण हात त्यांचा. आमच्या हिला मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

मी जोरजोरात मान हलवली. त्यांना ती विनयशीलता वाटली.

"अहो वहिनी, त्या गीझरच्या लेखावरूनच कळलं. थर्मोस्टॅट, कॉइल, तो प्रेशरचा व्हॉल्व्ह... बाईमाणूस लिहील का असं? पण बाईच्या नावावर घरगुती मजकूर शोभतो. हुशार आहेत मिस्टर!"

माझ्या हुशार मिस्टरांनी या चौदा वर्षांत लिहिलेला सर्वांत दीर्घ मजकूर म्हणजे दाराला चिकटवलेली 'कृपया बेल दाबु नये' ही चिठ्ठी. त्यातला 'बु' मी दीर्घ केला. गीझरची कॉइल मी बदलली, स्टुलावर उभी राहून. खालून टॉर्च धरणारा हात तेवढा त्यांचा होता आणि तोही भिंतीवर उजेड पाडत होता. पण ते असो. बाईने घराबद्दल लिहिलं की ते ओट्यावर उतू गेलेलं दूध, आणि तेच पुरुषाने लिहिलं की सूक्ष्म निरीक्षण, हे मी कैक वर्षं ऐकतेय. फक्त आजवर ते ऐकताना मला तोंड होतं.

"आणि ही ती दात गिळणारी!" गृहस्थांनी लेकीकडे बोट दाखवलं. खोलीतले बाकीचे चार पेशंट गालावरचे हात काढून तिच्याकडे पाहू लागले. लेकीने एका कानातला इअरफोन काढला. हा आमच्या घरात धोक्याचा इशारा मानतात.

लेखन थांबण्याचं कारणही हीच. दुधाचे दात एकूण २०. तिच्या त्यातल्या ६ दातांवर मी ६ लेख लिहिले, हा हिशोब तिने जानेवारीत माझ्यासमोर मांडला. सोबत पुरावेही आणले होते. ए. ए. मिल्न या इंग्रज लेखकाने १९२६ साली आपल्या सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या खेळण्यातल्या अस्वलासकट गोष्टींत घातलं. पुढे शाळेतली मुलं त्या पोराला चिडवायला त्याच्याच लहानपणच्या आवाजाची रेकॉर्ड लावत. शेवटी रेकॉर्ड हाती आली तेव्हा त्याने तिचे तुकडे तुकडे केले आणि लांबच्या शेतात उधळले. १९७४ साली त्याने स्वतःच हे लिहिलं, आणि बाप माझ्या कोवळ्या खांद्यांवर चढून मोठा झाला असं वाटायचं, हेही. मी म्हटलं, मी कुठे मोठी झालेय? तर तिने अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा कायदा काढला. १ जुलै २०२४ पासून तिथे, आईबापांच्या कमाईच्या व्हिडिओंत सोळा वर्षांखालचं मूल ३० टक्के किंवा जास्त दिसलं, तर त्याच्या वाट्याचे पैसे बाजूला ठेवावे लागतात. "मी साठ टक्के तरी होते, आई." तो व्हिडिओंचा कायदा आहे, लेखांचा नाही, आणि आपण तिथे राहतही नाही, असं सांगून मी निसटले. निसटले ती थेट संपादकांना निरोपाचं पत्र लिहायलाच बसले. अकरा मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: 'ठीक. त्या जागी सुडोकू घेतो.' चौदा वर्षं. निदान शब्दकोडं तरी घ्यायचं.

तर इअरफोन निघाला होता.

"मी दात गिळला नव्हता," लेक म्हणाली. "तो बेसिनमध्ये पडला आणि वाहून गेला. गिळल्याचं आईने घातलं."

हे खरं आहे. बेसिनमध्ये वाहून गेलेल्या दातावर आठशे शब्द होत नाहीत.

"नाही नाही बाळ, गिळलाच होतास. तू लहान होतीस, तुला नाही आठवणार."

"माझा दात होता, काका."

"अगं, मी वाचलंय!"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल लिहायची मला आता परवानगी नाही. तिने इअरफोन परत कानात घालता घालता एवढंच सांगितलं, की ते लेख आता बंद होताहेत.

गृहस्थांचा चेहरा खरोखर उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ते माझ्याकडे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "का हो? मिस्टरांची तब्येत वगैरे ठीक आहे ना?"

मी तोंड उघडलं. ओठाच्या बधिर कोपऱ्यातून लाळेचा एक थेंब हनुवटीवर उतरला, मला पत्ताच नाही. त्यांना दिसला. त्यांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढला आणि डोळे मिटून समजुतीची मान हलवली. "धीर धरा वहिनी."

तेवढ्यात मला आत बोलावलं. खुर्ची मागे कलली, दिवा डोळ्यांवर आला, दाढेत ड्रिल सुरू झालं, आणि दाराबाहेरून आवाज आला, "वहिनी, त्या गीझरचं पुढे काय झालं, ते तेवढं मिस्टरांना लिहायला सांगा!"

गीझर अजून गळतो. मिस्टरांनी खाली बादली ठेवली आहे.