नखावर पांढरा ठिपका दिसला म्हणून कॅल्शियमचं सिरप नको

इंदूरच्या मराठी घरांतल्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: नखांवर पांढरे ठिपके, माती-खडू खाणं, रात्री पाय दुखणं, उशिरा येणारे दात म्हणजे बाळाला कॅल्शियम कमी, लगेच सिरप सुरू करा. नका करू.

ठिपके येतात ते नखाच्या मुळाशी बसलेल्या बारीकशा माराने. नख वाढलं की ते पुढे सरकतात आणि कापले जातात.

माती खाण्याचं मात्र मनावर घ्या. तिथे आधी लोह तपासायचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. अशा मुलाला लोहाच्या औषधासोबतच कॅल्शियम पाजलं, तर लोह कमी शोषलं जातं. म्हणजे मेसेज ऐकून मूळ दुखणंच वाढायचं. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या मुलांतही हेच होतं: दुधात लोह जवळजवळ नसतं आणि पोट भरल्यामुळे पोळी-वरण मागे पडतं.

संध्याकाळी दोन्ही पाय दुखतात, चोळले की बरं वाटतं, सकाळी मूल धावतंय: हे वाढीच्या वयातलं दुखणं. एकच पाय दुखत असेल, मूल लंगडत असेल किंवा ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पहिला दात वर्षाच्या आसपास आला तरी चालतं. दीड वर्षातही नाही आला तर विचारा.

मग खरं काय बघायचं? मनगट. मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) झालेल्या मुलाचं मनगट रुंद, फुगीर लागतं, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात. दोन वर्षांनंतरही पाय धनुष्यासारखे वाकलेले, दीड वर्षातही चालणं नाही, दोन वर्षांनीही टाळू उघडी, यांकडेही लक्ष द्या. आपल्याकडे बहुतेकदा यामागे ड जीवनसत्त्वाची कमतरता असते. बंद काचेतून येणारं ऊन त्यासाठी उपयोगाचं नाही.

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. शरीर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातली पातळी सांभाळतं. म्हणून अल्कलाइन फॉस्फेटेज (मुडदुसात रक्तात वाढणारं एन्झाइम), ड जीवनसत्त्व आणि मनगटाचा एक्स-रे लागतो.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं. दीडशे मिलीचे दोन कप दूध म्हणजे सुमारे ३६०. उरलेलं अर्धी वाटी दही आणि नाचणीच्या खिरीतून भागतं. पहिल्या वर्षी ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट. बाटलीवर एका मिलीत ४०० आहे की ८०० ते वाचूनच ड्रॉपर भरा.

तान्ह्या बाळाला झटका आला, हातपाय आखडले किंवा श्वास घेताना घरघर झाली, तर सिरप शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. तिथे शिरेतून कॅल्शियम द्यावं लागू शकतं.