दडे बसलेला कान जोर लावून उघडत नाही

तारकर्ली नाहीतर अंदमानला जाऊन फ्रीडायव्हिंग, म्हणजे हवेच्या टाकीशिवाय एका श्वासात खोल डुबकी, शिकायचं ठरवलेल्या आपल्या नागपूरच्या पोट्ट्यांमध्ये व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय. कान दुखला की नाक दाबून जोरात फुंका, थोडं सहन करा, सवयीने कान पक्के होतात. नाही जमलं तर कानात बोळे घाला. सर्दी असेल तर गोळी घेऊन उतरा. यातलं एकही पाळू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी सवयीचं. कानाचा पडदा म्हणजे काही तळहात नव्हे, घट्टे पडून टणक व्हायला. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो आणि मधल्या कानातली हवा निम्मी आकसते. तिथे घशाकडून नवी हवा पोचली नाही तर पडदा आत ओढला जातो, सुजतो, शेवटी फाटतो. त्याला समुद्रच लागतो असं नाही; पोहण्याच्या तलावात 3 मीटरवरही हे होऊ शकतं. फाटल्या पडद्यातून गार पाणी आत शिरलं की अशी गरगर सुटते की वर कुठे, खाली कुठे तेच कळत नाही.

सगळ्यात घातक आहे ते जोरात फुंकणं. घशामागून कानाकडे जाणारी नळी दाबातला फरक साधारण 90 मिलिमीटर पाऱ्याएवढा, म्हणजे जेमतेम सव्वा मीटर पाण्याएवढा झाला की चिकटून बंद होते. मग कितीही फुंका, ती उघडत नाही. तो जोर आतल्या कानावर जातो, तिथली नाजूक खिडकी, म्हणजे पातळ पडद्याने झाकलेलं छिद्र, फुटू शकते आणि ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. शिवाय डोकं खाली असताना छातीच्या जोराने हवा तोंडाकडे आणणं मुळातच अवघड.

उपाय जिभेत आहे. दुसऱ्या महायुद्धात झेपावणाऱ्या बॉम्बर विमानांच्या वैमानिकांसाठी हर्मन फ्रेन्झेल या जर्मन डॉक्टरांनी ही पद्धत शिकवली. तोंडात थोडी हवा घ्या, जड वजन उचलताना घसा मिटतो तसा मिटा, नाक चिमटीत धरा आणि 'क' म्हणताना जीभ जशी मागून वर जाते तशी हलकेच न्या. नाकपुड्या बोटांखाली फुगतात, कानात बारीक टक् होतं. दुसरा हात पोटावर ठेवा. पोट हललं तर तुम्ही अजून फुंकताय. याला समुद्र लागत नाही, घरी आरशासमोर रोज करता येतं.

पाण्यात पहिल्यांदा दोर धरून, पाय खाली ठेवून उतरा, आणि जोडीदाराशिवाय कधीच नाही. कान पृष्ठभागावरच एकदा मोकळे करा, मग सुरुवातीला दर अर्ध्या मीटरला, दुखायच्या आधी. तळ बघायला मान मागे ताणू नका. नाहीच उघडला तर मीटरभर वर या; तरी नाही, तर ती डुबकी तिथेच सोडा.

बोळ्यांनी कानाच्या बाहेरच्या नळीत हवा कोंडते आणि पडदा बाहेरच्या बाजूला ओढला जातो. पोहायचा साधा चष्माही नको, त्यात नाक झाकलं जात नाही, म्हणून नाकाने हवा सोडून आतला दाब सारखा करता येत नाही.

सर्दीतली गोळी तर फसवी. खाली असताना तिचा असर उतरला की वर येताना फुगणारी हवा कानातच अडकते. तिकिटं काढलेली असली तरी त्या दिवशी काठावर बसा. आणि डुबकीनंतर ऐकू कमी आलं, कानात शिट्टी वाजू लागली किंवा गरगरलं, तर घरात तेल-थेंब घालत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा.